मंजण्णाचा आकडा

"दुःख रक्तात दिसतं का हो?"

लग्नकार्यात कुणी माझी ओळख करून दिली की पंगत उठायच्या आत हा प्रश्न येतोच. पूर्वी मी हसून विषय बदलत असे. आता निवृत्त झाले आहे, वेळ आहे, आणि आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी "अक्का, तुमच्या कामाबद्दल लिहा, पण रुक्ष नको" असं बजावून पानं राखून ठेवली आहेत. तेव्हा एकदाचं नीट उत्तर देऊन टाकते. रुक्ष होणार नाही, पण फराळाबरोबर वाचण्यासारखंही होणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

आमचं घराणं इथलंच, या कानडी शहरातल्या चामराजपेटेतलं. पूर्वज नेमके कधी आले ते आम्हाला धड सांगता येत नाही. घरात मराठी बोलतो, पण ती ऐकून पुण्याचे पाहुणे एकमेकांकडे बघतात. मी रक्त तपासणारी तंत्रज्ञ. लोक सिस्टर म्हणतात, मला ते आवडत नाही. नर्सचं काम वेगळं, आमचं वेगळं. नोकरीची शेवटची वर्षं मी एका रुग्णालयाच्या संशोधन विभागात काढली. तिथे मनाच्या आजाराच्या रुग्णांचं रक्त यायचं. कुणाला नुसती उदासी, म्हणजे डिप्रेशन. कुणाला कधी उधाण तर कधी ओहोटी असा आजार. त्या रक्तातली काही प्रथिनं आम्ही मोजायचो.

त्यातलं मुख्य प्रथिन मेंदूच्या पेशींना जगवणारं, त्यांना नवी पालवी फुटायला मदत करणारं. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, आम्ही बीडीएनएफ म्हणायचो. उदासीच्या आजारात ते रक्तात कमी सापडतं आणि माणूस बरा होऊ लागला की बहुधा वाढतं, असं ठिकठिकाणच्या लोकांना दिसलेलं आहे. उद्या नळीभर रक्तावरून सांगता आलं की याला कुठला आजार आहे आणि कुठलं औषध लागू पडेल, तर किती लोकांचे हाल वाचतील! या आशेवर आमचा सगळा कारभार चालायचा.

काम तसं स्वयंपाकासारखंच, हात बसलेला हवा. रक्त सकाळी उपाशीपोटी घ्यायचं, कारण दिवस चढेल तसं हे प्रथिन बदलतं. नळी हलवायची नाही, रक्त नीट गोठू द्यायचं. मग ती यंत्रात गरागरा फिरवली की लाल भाग तळाला बसतो आणि वर गवताच्या काडीच्या रंगाचं पाणी राहतं. ते सीरम. ते इवल्या इवल्या नळ्यांत वाटून थेट फ्रीझरमध्ये. हा फ्रीझर घरचा नव्हे. शून्याखाली ऐंशी अंशाचा. त्यातून काढलेली नळी वितळली की वापरून टाकायची. परत गोठवली की प्रथिन मोडतं आणि मग आकड्याला काही अर्थ राहत नाही.

मोजणी असते ती लहान लहान खळगे असलेल्या प्लॅस्टिकच्या प्लेटमध्ये. प्रत्येक खळग्यात एकेकाचं सीरम, त्यावर एकापाठोपाठ एक रसायनं. हळूहळू निळा रंग येतो, शेवटी आम्लाचा थेंब पडला की निळ्याचा पिवळा होतो. जितका गडद पिवळा तितकं प्रथिन जास्त. यंत्र तो रंग वाचतं आणि आकडा देतं. नवशिक्यांना मी सांगायची, इथे तुमच्या मताला कुणी विचारत नाही.

माझी कामातली मिजास एकच. यंत्राने दिलेला आकडा मी कधी इकडचा तिकडे केला नाही. एखादी प्लेट आपल्याला हवी तशी आली नाही की मोठमोठ्या लोकांनाही मोह होतो, एवढी एक नोंद गाळा ना, म्हणून. माझ्याकडे ते चालायचं नाही. आमच्या विभागप्रमुख मृणाल मॅडम पुण्याच्या. त्या एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अक्कांनी साइन केलेली प्लेट मी डोळे मिटून पेपरमध्ये टाकते." त्या दिवशी घरी जाताना मी रिक्षावाल्याशी हुज्जत घातली नाही.

आता मंजण्णा. नाव मंजुनाथराव. माझ्याबरोबर काम करणारा दुसरा तंत्रज्ञ, राहायला बनशंकरीला. आमच्यासारखाच इथला जुना मराठी: नाव कानडी, आडनाव मराठी, शिव्या दोन्हीतल्या. माझ्याहून बराच लहान, पण सगळी लॅब त्याला अण्णा लावायची म्हणून मीही लावू लागले. रक्त घेण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. रुग्ण आपली बाही वर करून भेदरलेला बसलेला असायचा आणि हा त्याला विचारायचा, "आज नाष्ट्याला काय करणार घरी?" तो माणूस इडली की उप्पीट याचा विचार करेपर्यंत नळी भरलेली असायची. दुपारी एक वाजला की माझ्या दारात येऊन "ऊटा आय्ता, अक्का?" म्हणायचा. म्हणजे जेवण झालं का. झालेलं नाही हे त्याला माहीत असायचं, कारण आम्ही एकत्रच जेवायचो. तरी रोज विचारायचा.

एकदा बोम्मसंद्र्याच्या कुठल्याशा कारखान्यातला एक फोरमन आला. उदासीच्या आजाराने गांजलेला, आमच्या अभ्यासात रक्त देऊन गेलेला. महिन्याने परत येऊन माझ्या टेबलाशी उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, एक कागद द्या. माझ्या रक्तात आजार आहे असा. साहेब म्हणतो, तुला काहीही झालेलं नाही, तू कामचुकार आहेस. कागद दाखवला की गप्प बसेल."

मी म्हटलं, कागद देता येणार नाही, हे संशोधन आहे, याचा रिपोर्ट नसतो. तो तसाच उभा. मग मंजण्णा त्याला बाहेर बाकावर घेऊन गेला, कॉफी पाजली आणि समजावू लागला. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"हे बघा, सहावीतली मुलं पाचवीतल्या मुलांपेक्षा उंच असतात की नाही? असतात. सगळ्यांची सरासरी काढली तर असतातच. पण मी तुम्हाला एकाच मुलाची उंची सांगितली आणि म्हटलं, सांगा हा कितवीत आहे, तर सांगाल? पाचवीत उंच मुलं असतात, सहावीत बुटकी असतात. तसंच आहे हे. आजारी लोकांची सरासरी कमी, पण तुमच्या एकट्याच्या आकड्यावरून काही कळत नाही."

फोरमनने कॉफीचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे मोजता येत नाही, तर माझं दुःख नाहीच म्हणायचं?"

"आहे की!" मंजण्णा म्हणाला. "मोजता येत नाही म्हणजे नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

आणि त्याला उठवून मॅडमकडे नेलं. मॅडमनी तपासून, रक्ताबिक्ताचा उल्लेख न करता, डॉक्टर म्हणून चिठ्ठी दिली. मंजण्णाचं ते वाक्य मला आवडलं होतं. पुढे मी तेच त्याला ऐकवलं, तेव्हा त्याला ते आठवतही नव्हतं.

आमच्या अभ्यासाला आजारी लोकांइतकेच धडधाकट लोकही लागायचे, तुलनेसाठी. ते मिळवणं आजारी लोक मिळवण्यापेक्षा अवघड. एकदा मारतहळ्ळीच्या एका कंपनीत आम्ही शिबिर लावलं. तरुण पोरंपोरी, गळ्यात ओळखपत्रं, हसत खिदळत रांगेत. "आम्ही एकदम फिट, घ्या रक्त!" पण सुई टोचण्याआधी मॅडम प्रत्येकाला बाजूला बसवून ठरलेले प्रश्न विचारायच्या. झोप लागते का? पहाटे जाग येऊन परत डोळा लागत नाही असं होतं का? पूर्वी ज्यात मन रमायचं त्यात आता रमतं का? जगणं नकोसं वाटतं का? हसत आलेली एक मुलगी तिसऱ्या प्रश्नाला अशी रडू लागली की तिच्या मैत्रिणी घाबरल्या. संध्याकाळी आम्ही जवळजवळ रिकाम्या पेटीनिशी परतलो. गाडीत मंजण्णा म्हणाला, "अक्का, विचारेपर्यंत सगळे निरोगीच असतात." आम्ही सगळे हसलो होतो.

आता एक धंद्यातली गोष्ट समजावून सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आजची प्लेट बरोबर आली की नाही हे कसं ओळखायचं? तर प्रत्येक प्लेटच्या कोपऱ्यात एकाच माणसाचं, एकाच वेळी घेऊन गोठवून ठेवलेलं सीरम घालायचं. त्याचा आकडा नेहमीच्या जागी आला तर बाकीच्यांचे आकडे विश्वासाचे. नाही आला तर प्लेट बाद. आम्ही त्याला घरचा कंट्रोल म्हणायचो. असं सीरम बऱ्याच ठिकाणी लॅबमधल्याच माणसांचं घेतात, बाहेर कुणाला विनवण्या करायला नकोत म्हणून. आम्ही चौघांनी बाह्या वर केल्या होत्या. मंजण्णाचा आकडा अगदी मधोमध आला, ना वर ना खाली. मग त्याचंच पिशवीभर रक्त घेतलं आणि नळ्यांवर नळ्या भरून ठेवल्या, कित्येक वर्षं पुरतील इतक्या.

त्याला ते प्रश्न कुणी विचारले नव्हते. कंट्रोलला ते विचारायची गरजच नसते. कंट्रोल म्हणजे निरोगी माणूस नव्हे, न बदलणारा आकडा. पण लॅबमध्ये थट्टा सुरू झाली. आल्यागेल्याला मंजण्णाची ओळख "हा आमचा निरोगी माणूस" अशी करून द्यायची. प्लेट जुळली की कुणीतरी ओरडायचं, "मंजण्णा ठणठणीत आहे!" आणि तो कमरेत वाकून सलाम करायचा.

पुढे एका वर्षी त्याने मला जेवणाबद्दल विचारणं सोडलं.

प्रथम माझ्या लक्षात आलं ते एवढंच. मग दिसलं की त्याचा डबा तसाच परत जातो. नळ्या फिरवण्याचं यंत्र थांबून बराच वेळ झाला तरी तो त्याच्या झाकणाकडे बघत बसलेला असायचा. एक दिवस रुग्णाला त्याने नाष्ट्याचं विचारलं नाही, नुसती सुई टोचली. ती बाई कळवळली. मंजण्णाकडून कुणी कळवळलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

मी त्याला गाठलं. "काय होतंय रे तुला?"

"काही नाही अक्का. स्वल्प दमायला होतं." जराशानं म्हणाला, "पहाटे जाग येते. मग छातीवर रुब्बोगुंडू ठेवल्यासारखा वाटतो. उठवत नाही." रुब्बोगुंडू म्हणजे आमच्या घरी इडलीचं पीठ वाटायचा दगड.

मी इतकी वर्षं त्या कामात. ती पहाटेची जाग काय सांगते हे मला कुणी शिकवायला नको होतं, आणि त्यालाही नको होतं. मी म्हटलं, "मॅडमना दाखव."

"छे! आणि त्या बाकावर बसू? ज्यांना मी नळ्या लावतो त्यांच्या शेजारी?"

मी त्याला न विचारता मॅडमना सांगितलं. त्यांनी बोलावून घेतलं, आपल्या ओळखीच्या बाहेरच्या डॉक्टरांचं नाव दिलं, "मंजुनाथ, प्लीज, एकदा भेटून या, कुणाला कळणारही नाही" म्हणाल्या. हा "सरी मॅडम", म्हणजे बरं मॅडम, म्हणाला आणि गेला नाही. त्याची बायको गिरिजा, हुबळीकडची, अबोल बाई. तीही घरी मागे लागली होती, शुक्रवारी बनशंकरीच्या देवळात लिंबाच्या सालीचे दिवे लावत होती. हे मला नंतर कळलं.

मी पुन्हा बोलले तेव्हा त्याने मला त्या दिवशीची प्लेट दाखवली. कोपऱ्यातल्या त्याच्या खळग्यावर बोट ठेवलं. "बघा. मधोमध. मला काय झालंय?"

"अरे, तो कितीतरी वर्षांपूर्वीचा तू आहेस. गोठवून ठेवलेला."

"मग ताजं घ्या."

"ताजं घेऊन काय कळणार? तूच त्या फोरमनला सांगत होतास ना, पाचवी-सहावी? मोजता येत नाही म्हणजे नाही असं कुणी सांगितलं, हे कोण म्हणालं होतं?"

त्याने माझ्याकडे कोऱ्या चेहऱ्याने पाहिलं. रुग्णांच्या शेकडो नातेवाइकांना त्याने ती पाचवी-सहावी समजावली असेल. स्वतःवर आली तेव्हा त्याला ती सुचेना. रोज प्लेटच्या कोपऱ्यात स्वतःचा आकडा बघून बघून त्याचं मन त्या आकड्यावर बसलं होतं. तो आकडा जागेवर आहे तोवर आपल्याला काही झालेलं नाही. आपण नुसते ढिले पडलो आहोत, आळशी झालो आहोत, घरच्यांना त्रास देतो आहोत. फोरमनचा साहेब फोरमनला जे म्हणायचा, तेच मंजण्णा स्वतःला म्हणत होता. बाहेरचा माणूस इतका फसला नसता. ही चूक करायला आमच्यातलाच माणूस हवा.

"घ्या अक्का ताजं," तो पुन्हा म्हणाला. "कमी आलं तर जातो डॉक्टरकडे. शपथ."

आणि मी घेतलं.

का घेतलं, ते सांगते. मला वाटलं, कमी येईल. येणारच. त्याचा चेहरा दिसत होता, उतरलेले खांदे दिसत होते. एका आकड्याला अर्थ नसतो हे मलाही पाठ होतं, पण तो कमी आला असता तर मी तो त्याच्या तोंडापुढे नाचवला असता आणि हाताला धरून त्याला डॉक्टरकडे नेलं असतं. सकाळी उपाशीपोटी तो माझ्यासमोर बाही वर करून बसला. मी विचारलं, "आज नाष्ट्याला काय करणार?" तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशीच्या प्लेटमध्ये दोन खळगे रिकामे होते, त्यांत त्याचं घातलं. निळा रंग चढू लागला तेव्हा तो उठला. "मी बाहेर बसतो. तुम्ही वाचा. तुम्ही सांगाल ते खरं."

नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी प्लेटपुढे हात जोडले नव्हते. त्या दिवशी जोडले. देवा, कमी येऊ दे म्हटलं. आम्लाचा थेंब पडला, पिवळा रंग आला, यंत्राने वाचलं. मधोमध. त्या जुन्या गोठवलेल्या मंजण्णाच्या अगदी शेजारी.

तो बाकावर बसला होता, त्याच बाकावर. मी बाहेर गेले आणि आला होता तोच आकडा सांगितला. पाठोपाठ म्हटलं की याने काही सिद्ध होत नाही, तू तरीही डॉक्टरकडे जा, माझ्यासाठी जा. त्याने पुढचं ऐकलंच नाही. "बघा, म्हटलं नव्हतं?" म्हणाला. कुणाला चांगली बातमी मिळाली की तोंडावर जे दिसतं, ते त्याच्या तोंडावर नव्हतं. शेवटचं दार लागल्यासारखं काहीतरी होतं. पण हे मी आता म्हणते. तेव्हा मला नुसती हार वाटली.

नंतर काही आठवडे तो बरा वाटला. एक-दोनदा दारात येऊन "ऊटा आय्ता" म्हणाला. मी इतकी खूश झाले की त्या दिवशी माझ्या डब्यातली अर्धी पुरणपोळी त्याला दिली. त्याने ती खाल्लीही.

मग एका सोमवारी तो आला नाही. मॅडमचा फोन वाजला, त्यांनी ऐकून घेतलं आणि तो टेबलावर पालथा ठेवला. मंजण्णानं स्वतःचा जीव संपवला होता. कसा आणि कुठे ते मी लिहिणार नाही. ते वाचून कुणाचंच भलं होणार नाही.

आम्ही सगळी मनाच्या आजाराच्या विभागातली माणसं. आमच्या एका मजल्यावर त्या आजारावर शिकलेले किती जण होते! आणि मधोमध बसलेला माणूस निघून गेला. लॅबमधला एकही जण दुसऱ्याच्या डोळ्यांत बघत नव्हता. मला फार राग आला होता, आधी त्याचा, मग सगळ्यांचा, मग त्या यंत्राचा. राग ओसरल्यावर जे उरलं ते अजून आहे.

काम थांबत नाही. रुग्ण येत होते, रक्त येत होतं, प्लेटी लागत होत्या. आणि प्रत्येक प्लेटच्या कोपऱ्यात त्याच्या नळीतलं सीरम जात होतं. प्रत्येक वेळी त्याचा आकडा जिथल्या तिथे. "मंजण्णा ठणठणीत आहे" असं आता कुणी ओरडत नव्हतं. मी एकटी तो कागद बघून सही करायची. माणूस नव्हता आणि त्याच्या भरवशावर दुसऱ्यांची रक्तं खरी-खोटी ठरत होती. मॅडमना मी एकदा म्हटलं, हे बदलू या. त्या म्हणाल्या, "अक्का, मलाही त्रास होतो. पण मध्येच कंट्रोल बदलला तर आधीचा सगळा डेटा वाया. अभ्यास संपेपर्यंत त्यांना राहू दे."

वर्ष होत आलं आणि नळ्या संपत आल्या. नवा कंट्रोल करताना जुना आणि नवा एकाच प्लेटवर शेजारी शेजारी घालून मोजतात, म्हणजे जुन्याची जागा नव्याला देता येते. मॅडमनी विचारलं, "कोण देतं?" पूर्वी चार बाह्या पटकन वर गेल्या होत्या. या वेळी कुणी हललं नाही. मी म्हटलं, "आधी प्रश्न विचारू या. मारतहळ्ळीला विचारले तसे, सगळे." कंट्रोलला ते लागत नाहीत हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, पण तसं कुणी म्हणालं नाही. मॅडमनी स्वतः एकेकाला आत बोलावलं, दार लावून घेतलं. बऱ्याच वेळाने एकेक जण बाहेर आला. दोघांचे डोळे लाल होते. त्यातल्या एकाचं औषध आजही चालू आहे आणि तो बरा आहे. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

मंजण्णाची शेवटून दुसरी नळी त्या प्लेटवर गेली. एक उरली.

त्याच आठवड्यात गिरिजा आली. वर्षश्राद्धाचं सांगायला. बारीक झाली होती. माझ्यासमोर बसली, निरोप दिला, पाणी प्याली, आणि उठेना. मग म्हणाली, "अक्का, तुम्ही लोक रक्तात दुःख बघता म्हणे. ह्यांचं रक्त तर तुमच्याजवळच होतं की."

"रक्तात दिसत नाही गं," मी म्हटलं. "एकेकट्या माणसाचं नाही दिसत."

"ह्यांचं अजून आहे इथं?"

मी हातमोजे घातले, फ्रीझर उघडला आणि ती शेवटची नळी काढली. पांढऱ्या दवाने माखलेली, करंगळीच्या पेराएवढी. तिच्या हातात पदराची घडी ठेवली आणि त्यावर नळी. तिने घडीवरून मूठ मिटली. आम्ही दोघी तशाच बसलो.

"मी फार मागं लागले होते," ती म्हणाली. "डॉक्टरकडं चला, चला म्हणून. एक दिवस घरी आले आणि म्हणाले, आता बास कर. अक्कानं स्वतः रक्त काढून बघितलं, चांगलं आहे. मग मी गप्प बसले. तुमचं नाव घेतल्यावर मी काय बोलणार?"

तिने मिटलेल्या मुठीवर दुसरा हात ठेवला.

"कमी आलं असतं तर गेले असते डॉक्टरकडं?"

"गेला असता. शपथ घेतली होती त्यानं."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. खरंच काही समजून घ्यायचं असावं तसं.

"मग तुम्ही कमी आलं म्हणून का नाही सांगितलं?"

मी उत्तर शोधलं. बदललेला आकडा म्हणजे काय, त्यावर आमचा धंदा कसा उभा असतो, असलं पुष्कळ काही जिभेवर आलं. पण खरं होतं ते एवढंच होतं.

"सुचलं नाही, गिरिजा," मी म्हटलं. "मला सुचलंच नाही."

तिने मान हलवली, हे तिला आधीपासून ठाऊक असल्यासारखी. "हे म्हणाले होते, अक्का खोटं सांगणार नाही. म्हणून तर तुमच्याकडून बघून घेतलं."

मग तिने मूठ उघडली. दव गेलं होतं, पदराची घडी ओली झाली होती. नळीत गवताच्या काडीच्या रंगाचं पाणी हलत होतं.

"हे परत ठेवता येतं?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "एकदा वितळलं की परत ठेवता येत नाही."

मला कुणी विचारलं, दुःख रक्तात दिसतं का, तर आता मी विषय बदलत नाही. नाही म्हणते. मग समोरच्याला विचारते, तुम्हाला झोप लागते का? पहाटे जाग येते का? लोकांना हे विचित्र वाटतं, लग्नाच्या पंगतीत. काही हसतात. काही जणांचा घास हातातच राहतो. त्यांच्याजवळ मी पंगत उठली तरी बसून राहते.